कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचं दुसरं पान

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक प्रश्न रोज येतो. नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधला एखादा मुलगा स्कूटरच्या डिकीतून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं उपकरण, आणून देऊन गेलेला असतो. चार दिवसांनी न्यायला येतो आणि सर्टिफिकेट हातात पडायच्या आत विचारतो, "सर, पास झाला ना?"

मी म्हणतो, "दुसरं पान बघ." तो पान उलटतो, आकड्यांच्या टेबलाकडे बघून मान हलवतो आणि कागद दुमडून डब्यात घालतो. तो कागद आता फाईलला लागणार आणि थेट ऑडिटरसमोरच उघडणार, हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही.

त्याला हसायचा मला अधिकार नाही. लॅबमध्ये यायच्या आधी सहा वर्षं मी अंबडच्या एका छोट्या युनिटमध्ये क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, होतो आणि तेच करायचो. ते कसं अंगाशी आलं ते सांगतोच, पण आधी कॅलिब्रेशन म्हणजे काय ते बघू, कारण बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ 'दुरुस्ती' असा बसलेला असतो.

आमच्या घरातलं हॉलमधलं घड्याळ आईनं मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलंय. नाशकातल्या निम्म्या घरांत असेल. घड्याळ चुकीचं आहे, तरी त्याच्यामुळे कोणाची सिटीलिंकची बस आजवर चुकलेली नाही, कारण ते किती चुकीचं आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कधीतरी मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहिलं, पाच मिनिटांचा फरक दिसला, तो लक्षात ठेवला. संपलं, हेच कॅलिब्रेशन. आपल्या उपकरणाचं रीडिंग त्याच्याहून भरवशाच्या मापाशी ताडायचं, फरक किती तो लिहून ठेवायचा, आणि त्या फरकाची खात्री किती तेही लिहायचं. काटे फिरवून घड्याळ बरोबर केलं तर तो वेगळा उद्योग, त्याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. कॅलिब्रेशन करणाऱ्यानं ती केलीच पाहिजे असं नाही. बऱ्याचदा तर तिला हातही लावू नये, ते का ते पुढे येईल.

आता समजा ते घड्याळ आज पाच मिनिटं पुढे, उद्या दोन मिनिटं पुढे आणि परवा एक मिनिट मागे असेल, तर? मग फरक माहीत असून काही उपयोग नाही. कायम सारखीच चूक करणारं उपकरण वापरता येतं, दर वेळी वेगळी चूक करणारं नाही. म्हणून लॅबमध्ये एकच माप तीन-तीन, पाच-पाच वेळा घेतात. उपकरण आणून देणारा 'मधूनमधून चुकतंय' म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. 'नेहमीच दोन मायक्रॉन जास्त दाखवतंय' म्हणाला तर मी चहा मागवतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

तर ती अंबडची गोष्ट. आम्ही १२ मिलिमीटरच्या पिना बनवायचो. सेंटरलेस ग्राइंडिंग, फिट एच-सिक्स, म्हणजे पिन वरच्या बाजूला बरोबर १२.००० आणि खालच्या बाजूला ११.९८९. एकूण ११ मायक्रॉनची जागा, यालाच टॉलरन्स म्हणतात. डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर त्याच्या सहाव्या भागात आमची सगळी रोजीरोटी. दोन वर्षं तीच पिन, तेच मशीन आणि तोच शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा डिजिटल मायक्रोमीटर. एक दिवस कस्टमरचा फोन आला, "पिना बुशमध्ये जात नाहीयेत, काही तर अजिबात नाहीत." बुश म्हणजे पिन जिच्यात बसते ती नळी.

मायक्रोमीटर खिशात घालून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या टेबलावर एक पिन मोजली. आमचा मायक्रोमीटर म्हणाला ११.९९७, म्हणजे मापात. त्यांचा म्हणाला १२.००४, म्हणजे रिजेक्ट. दोन्हींवर कॅलिब्रेशनचे हिरवे स्टिकर, दोन्हींची तारीख चालू. मी आमचा झीरो दाखवला, स्वच्छ ०.०००. त्यांच्या इन्स्पेक्टरनं काही न बोलता लाकडी पेटीतून १२ मिलिमीटरची स्लिप, म्हणजे नेमक्या मापाचा ठोकळा, काढली आणि आमच्या मायक्रोमीटरमध्ये धरली. आकडा आला ११.९९३.

मी ऑफिसला फोन लावला आणि फाईल काढायला सांगितली. सर्टिफिकेटचं दुसरं पान, १२.९ ची ओळ. प्रमाण माप १२.९००, उपकरणाचं रीडिंग १२.८९३, त्रुटी वजा ०.००७. लॅबनं सगळं लिहून दिलं होतं. चार महिने तो कागद आमच्याच कपाटात होता. त्या रात्री आणि पुढच्या रात्री आम्ही चार जणांनी चार हजार पिना पुन्हा मोजल्या.

लॅबनं 'नापास' का लिहिलं नाही? कारण आम्ही विचारलंच नव्हतं. कॅलिब्रेशन लॅबसाठी आयएसओ १७०२५ हे मानक आहे. त्यानुसार उपकरण मर्यादेत आहे की नाही हे लिहून हवं असेल तर मर्यादा कोणती आणि निर्णय कोणत्या नियमानं करायचा, हे कस्टमरशी ठरवावं लागतं. नुसतं 'कॅलिब्रेट करून द्या' म्हटलं की लॅब आकडे देते आणि थांबते. शून्य ते पंचवीसच्या मायक्रोमीटरला वर्कशॉपमध्ये साधारणपणे ४ मायक्रॉनची मर्यादा धरतात. आमच्या उपकरणांच्या यादीत अनुक्रमांक, मेक, ड्यू डेट (पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख) असे सगळे कॉलम होते. मर्यादेचा कॉलम नव्हता. मग सात मायक्रॉन जास्त की कमी हे ठरवणार कशावरून?

झीरो बरोबर आणि १२ वर चूक, हे कसं काय? त्यासाठी लॅबमध्ये मायक्रोमीटरचं काय करतात ते जवळून बघावं लागेल.

आधी पुसणं. हे ऐकायला फालतू वाटतं, पण निम्मं कॅलिब्रेशन पुसण्यातच आहे. वर्कशॉपमधून आलेल्या मायक्रोमीटरच्या दोन्ही फेसवर, म्हणजे ज्यांच्यामध्ये वस्तू धरतात त्या सपाट तोंडांवर, कूलंट आणि ग्राइंडिंगच्या धुळीचा थर असतो. स्वच्छ कागद दोन फेसमध्ये हलकेच धरून ओढून काढला की त्यावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. मग फेस सपाट आहेत का ते ऑप्टिकल फ्लॅट नावाच्या काचेच्या चकतीनं बघतात. एकरंगी प्रकाशात ती काच फेसवर ठेवली की उजळ आणि काळ्या पट्ट्या दिसतात. एक पट्टी म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनचा उंचसखलपणा. पट्ट्या जितक्या जास्त, तितका फेस झिजलेला. बारीक पिना नेहमी फेसच्या मधोमध मोजल्या जातात, तिथे खोलगट खड्डा पडतो. सपाट स्लिप त्या खड्ड्यावरून पुलासारखी बसते आणि रीडिंग छान येतं. म्हणून नुसत्या स्लिपवर विसंबायचं नाही.

मग स्लिप गेज. मायक्रोमीटर तपासायच्या नेहमीच्या यादीतले आकडे विचित्र आहेत: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५. सरळ ५, १०, १५, २०, २५ का नाही घेत? मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. मायक्रोमीटरच्या आत स्क्रू आहे. तो एक पूर्ण फेरा फिरला की स्पिंडल, म्हणजे पुढेमागे होणारा दांडा, अर्धा मिलिमीटर सरकतो. साध्या मायक्रोमीटरच्या थिंबलवर, म्हणजे हातानं फिरवायच्या नळीवर, ५० भाग असतात, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटर. आता ५, १०, १५ असं मोजलं तर दर वेळी थिंबल शून्याच्या रेघेवरच येऊन थांबेल, म्हणजे फेऱ्याची एकच जागा पुन्हा पुन्हा तपासली जाईल. ५.१ ला तो दहाच्या रेघेवर थांबतो, ७.७ ला वीसवर, १०.३ ला तीसवर, १२.९ ला चाळीसवर. अशा दहा मापांत स्क्रूची लांबीही तपासली जाते आणि त्याचा फेराही. डिजिटल असला तरी यादी हीच ठेवतात.

आमच्या मायक्रोमीटरनं दोन वर्षं फक्त १२ च्या आसपास काम केलं होतं. दिवसाला शेकडो वेळा त्याच दोन-तीन आट्यांवर घासून स्क्रू तेवढाच झिजला. शून्यावरचे आटे नव्यासारखे होते. झीरो चेक म्हणजे दारातल्या पहिल्या पायरीवर उभं राहून अख्खा जिना तपासल्यासारखं. आम्ही रोज सकाळी झीरो बघायचो आणि समाधान मानायचो. १२ ची एक स्लिप जवळ असती तर सकाळी अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

या स्लिप गेजबद्दल दोन शब्द, कारण मला त्या फार आवडतात. टणक स्टीलचे किंवा सिरॅमिकचे, आरशासारखे चकचकीत चौकोनी ठोकळे. दोन स्लिप स्वच्छ पुसून एकीवर दुसरी सरकवत, थोडं दाबत फिरवली की त्या एकमेकींना चिकटतात. गोंद नाही, चुंबक नाही. फेस इतके सपाट असतात की पातळशा तेलाच्या थराची ओढ आणि रेणूंचं आकर्षण पुरतं. याला रिंगिंग म्हणतात. नवख्याला हे जमलं की तो दिवसभर तेच करत बसतो. चिकटलेल्या स्लिपची लांबी म्हणजे त्यांच्या लांब्यांची सरळ बेरीज. स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या रायफल कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड जोहान्सनला १८९६ च्या सुमारास ही कल्पना सुचली. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या टप्प्यानं वीस हजार वेगवेगळी मापं तयार होत. त्याआधी प्रत्येक मापासाठी वेगळा गेज बनवावा लागे.

बरं, पण माझी स्लिप बरोबर आहे कशावरून?

हा प्रश्न जो विचारतो त्याला कॅलिब्रेशन कळायला लागलं असं समजायचं. माझी स्लिप माझ्याहून वरच्या लॅबनं ताडलेली आहे, तिची त्याहून वरच्या लॅबनं, आणि शेवटी साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत म्हणजे एनपीएलमध्ये पोचते. भारतातल्या मापांची मूळ मानकं तिथे सांभाळली जातात. भारतीय प्रमाणवेळही तिथूनच येते, म्हणजे आईचं घड्याळ ताडताना नकळत आपण त्याच दारात गेलो होतो. एनपीएलनंतर मीटर कुठे? कुठेच नाही आणि सगळीकडे. १८८९ पासून १९६० पर्यंत मीटर म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर होतं. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तो मीटर. किलोग्रॅमचा धातूचा ठोकळाही २० मे २०१९ पासून निवृत्त झाला. या साखळीला ट्रेसेबिलिटी म्हणतात. तिची एकच अट: प्रत्येक कडीला आकडा आणि अनिश्चितता लिहिलेला कागद हवा. मधली एक कडी 'आमच्याकडे कायम असंच करतात' यावर लटकली की खालचं सगळं लटकलं.

एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली लॅब बघून काम द्या, हे खरं. पण मान्यता लॅबच्या इमारतीला नसते, यादीतल्या ठरावीक मापांना असते. लांबीला मान्यता असलेल्या लॅबला टॉर्क रेंचची (ठरावीक जोरानं नट आवळायच्या पान्याची) असेलच असं नाही. यादी उघडून आपलं उपकरण, आपली रेंज आणि ती लॅब किती बारीक मोजू शकते, एवढं बघून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता नाशिकचं ऊन. जगभर ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. १९३१ पासून हा आकडा ठरलेला आहे. आपल्याकडे वर्कशॉप २० अंशांवर वर्षातून किती तास असतं? जानेवारीत पहाटे निफाडला पारा एक आकड्यावर येतो आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली चाळिशी गाठते. स्टीलचा १०० मिलिमीटरचा तुकडा एका अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन वाढतो. ३८ अंशांवर १८ अंशांचा फरक, म्हणजे जवळपास २१ मायक्रॉन. आमच्या पिनेच्या टॉलरन्सच्या जवळजवळ दुप्पट.

मग उन्हाळ्यात सगळा नाशिक चुकीचं मोजतो का? नाही, कारण मायक्रोमीटरही स्टीलचाच आहे आणि तोही तेवढाच वाढलेला असतो. दोघं एकाच तापमानाला असतील तर चूक एकमेकांत विरून जाते. घोटाळा होतो तो दोघं वेगळे असताना. मशीनवरून आत्ता उतरलेला जॉब ५० अंशांवर, मायक्रोमीटर ३५ वर: १०० मिलिमीटरला १७ मायक्रॉन जास्त दिसणार. ऑपरेटर तेवढं जास्त काढतो, जॉब गार होतो, आणि संध्याकाळी क्यूसीवाला म्हणतो अंडरसाइज. आपल्याकडे यावरून किती भांडणं झाली असतील! अ‍ॅल्युमिनियम तर आणखी खोडकर. ते स्टीलच्या दुप्पट वाढतं, म्हणून जॉब आणि उपकरण दोन्ही ३८ अंशांवर शांतपणे बसलेले असले तरी १०० मिलिमीटरला २० मायक्रॉनचा फरक राहतोच.

म्हणून डिकीतून तापून आलेलं उपकरण आम्ही लगेच हातात घेत नाही. २० अंशांच्या खोलीत लोखंडी प्लेटवर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो. मुलं म्हणतात, "सर, पंधरा मिनिटांचं तर काम, आत्ताच करून द्या ना." काम पंधरा मिनिटांचंच आहे, गार व्हायला रात्र लागते. स्लिपही उघड्या हातानं धरत नाहीत, तळहाताची ऊब मायक्रॉनमध्ये मोजता येते.

उंचीचाही खेळ आहे, तो लांबीत नाही, पण तापमान आणि वजनात दिसतो. थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून १०० दाखवतो का बघणारे लोक मी पाहिले आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० येईपर्यंत थर्मामीटर फिरवला तर चांगला होता तो बिघडवला. घरच्या घरी ताडायचाच असेल तर शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक करून त्यात थोडं पाणी घालावं. शून्याला उंचीचा जवळपास फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं तर आणखी मजेशीर. तो वस्तुमान मोजत नाही, पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ओढ अक्षांशावर आणि उंचीवर बदलते. दिल्लीत नीट लावलेला काटा तसाच नाशकात आणला तर किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त कमी दाखवेल. कांद्याच्या गोणीला कोण विचारतं, पण सोनाराला आणि औषध कंपनीला विचारावं लागतं. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच, जागेवर, वजनं ठेवून कॅलिब्रेट करतात.

बाजारातल्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहोर असते, ती आणि कॅलिब्रेशन यांत गल्लत करू नये. मोहोर २००९ च्या कायद्याखाली गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी असते आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असतं. कॅलिब्रेशनचं उत्तर आकडा असतं. बाकी प्रेशर गेज असो, भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल असो की टॉर्क रेंच, पद्धत हीच. फक्त ताडायचं माप बदलतं. प्रेशर गेजला ओळखीच्या वजनांचा डेड वेट टेस्टर, टॉर्क रेंचला पिळाचा जोर मोजणारा टॉर्क ट्रान्सड्यूसर.

आता दुसऱ्या पानावरचा तो कॉलम ज्याला सगळे घाबरतात: अनिश्चितता. मराठीत शब्द भारदस्त झालाय, गोष्ट साधी आहे. मी म्हणालो त्रुटी वजा ७ मायक्रॉन. पण माझी स्लिप स्वतः किंचित चुकीची असू शकते, खोली २० ऐवजी २०.४ असू शकते, मायक्रोमीटर ठरावीक दाबानं मिटवणाऱ्या रॅचेटची तिसरी टिक थोडी जोरात लागली असू शकते, डिस्प्लेचा शेवटचा अंक इकडचा तिकडे असू शकतो. हे सगळं मिळून 'वजा ७, अधिक-उणे १.५' असं काहीतरी येतं. बेरीज करताना मात्र सरळ मिळवत नाहीत. सगळ्या चुका एकाच वेळी एकाच दिशेला जाण्याची शक्यता कमी, म्हणून वर्ग करून, मिळवून, वर्गमूळ काढतात. ३ आणि ४ चे ७ होत नाहीत, ५ होतात, शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखे. आलेल्या आकड्याला दोननं गुणतात, म्हणजे खरी किंमत त्या पट्ट्यात असल्याची खात्री साधारण ९५ टक्के होते. सर्टिफिकेटवर 'के बरोबर २' लिहिलेलं असतं ते हेच.

याचा वर्कशॉपला उपयोग काय? मर्यादेच्या काठावर. पिनेची वरची हद्द १२.०००, रीडिंग ११.९९९ आणि मोजण्यातली अनिश्चितता ३ मायक्रॉन. पिन खरी १२.००२ असू शकते. तुम्ही पास केली, कस्टमरनं मोजली, भांडण सुरू. शहाणी माणसं आपली हद्द आतल्या बाजूला ओढून घेतात आणि ११.९९७ लाच थांबतात. याच कारणासाठी उपकरण टॉलरन्सच्या निदान चौथ्या भागाइतकं, जमलं तर दहाव्या भागाइतकं बारीक हवं, असा जुना ठोकताळा आहे. ११ मायक्रॉनच्या पिनेला ०.०२ मिलिमीटरपर्यंतच मोजणारा व्हर्नियर लावणं म्हणजे कांद्याच्या काट्यावर मंगळसूत्र तोलणं.

शेवटचा वाद ड्यू डेटचा. 'वर्षातून एकदा' हा कुठल्या कायद्याचा नियम नाही. सवय आहे. आयएसओ १७०२५ तर सांगतं की कस्टमरनं मान्य केल्याशिवाय लॅबनं सर्टिफिकेटवर किंवा स्टिकरवर पुढची तारीख सुचवूच नये. तारीख तुमची, कारण वापर तुमचा. दिवसाला आठशे पिना मोजणाऱ्या मायक्रोमीटरला तीन महिने ठीक, मॅनेजरच्या ड्रॉवरमधल्याला दोन वर्षं चालतील. आणि कॅलिब्रेशन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी उपकरण फरशीवर पडलं तर स्टिकरची तारीख जगाच्या अंतापर्यंत चालू असली तरी ते उपकरण संशयितच. पडल्याचं मुलं सांगत नाहीत, कारण सांगणाऱ्यावर आपण ओरडतो. आधी ओरडणं बंद करावं लागतं.

आता मघाशी म्हटलेली अ‍ॅडजस्टमेंटची गोष्ट. लॅबला पाठवायच्या आधी मायक्रोमीटर झीरो करून, नट आवळून, 'तयार करून' पाठवणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला असतो. पण असं केल्यावर कालपर्यंत तो किती चुकत होता हे कोणालाच कधी कळणार नाही. उपकरण चुकलेलं सापडलं तर त्यानं आधी केलेली मापं ग्राह्य आहेत का ते तपासा, असं आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानक सांगतं. तपासणार कशावरून? म्हणून आधी पुसायचं, मग आहे तसंच मोजायचं, ते आकडे लिहायचे, आणि मगच काय फिरवायचं ते फिरवायचं. या पहिल्या आकड्यांना 'अ‍ॅज फाउंड' म्हणतात. लॅबला सांगून ते मागून घ्या. त्यावरून चार हजार पिना पुन्हा मोजायच्या की चारशे, हे ठरतं.

आमच्या चार हजारांतल्या सहाशेच्या वर पिना परत ग्राइंडिंगला गेल्या. मालकांनी मला काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी यादीत एक कॉलम वाढवून आणला, 'मर्यादा', आणि त्याच्या शेजारी 'कोणी वाचलं' म्हणून सहीची जागा. पिनांसाठी १२ ची एक स्लिप आणि तिच्याशी तुलना करून फरक दाखवणारा कंपॅरेटर घेतला. रोज सकाळी आधी स्लिप, मग पिना. तो मायक्रोमीटर मात्र टाकला नाही. डब्याच्या झाकणाला आतून सर्टिफिकेटच्या दुसऱ्या पानाची झेरॉक्स चिकटवली, वर लाल पेननं 'फक्त कच्च्या मालासाठी' लिहिलं आणि कटिंगच्या टेबलावर ठेवला. मी नोकरी सोडली तेव्हा तो तिथेच होता, झीरोवर चोख आणि १२ वर सात मायक्रॉन कमी.